इमारत विकायची असेल, तर आमच्यासकट विका

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,
इमारतीची मालकी असलेला धर्मादाय ट्रस्ट, ठाणे पश्चिम

विषय: जांभळी नाक्यामागच्या आपल्या जुन्या इमारतीची विक्री

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या इमारतीतल्या गाळा क्रमांक ७ ची भाडेकरू. मसाला कांडपवाली म्हणून अख्खी गल्ली मला ओळखते, आपणही ओळखता. आपल्यापैकी निदान तिघांच्या घरची अथाण्याची, म्हणजे गुजराती लोणच्याची, मेथी आणि राई दर उन्हाळ्यात माझ्याच डंकाखालून, मसाला कुटायच्या यंत्राखालून, जाते. तिला मिरचीचा वास लागू नये म्हणून ती सकाळी पहिल्या घाण्याला घ्यायची, हा आपल्या घरच्यांना दिलेला शब्द आजोबांपासून आम्ही पाळत आलो आहोत. त्या ओळखीवर हे पत्र लिहिते आहे. उघड लिहिते आहे, कारण बंद पाकिटातली दोन पत्रं कार्यालयात दिली, त्यांची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही.

विक्रीची बातमी आम्हाला आपल्याकडून कळली नाही. ऐन हंगामात, एका दुपारी दोनच्या सुमाराला, दोन तरुण मुलं गाळ्यात शिरली. एकाच्या हातात भिंतीवर लाल ठिपका पाडणारं मोजमापाचं यंत्र होतं. ठिपका समोरच्या भिंतीवर पडला, त्याने आकडा टिपून घेतला. मग डंकामागच्या भिंतीवर पडला, तोही टिपला. “मॅडम, हे मशीन काढता येतं का?” एवढंच त्याने विचारलं. बाहेर बाकावर पाच बायका भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन नंबर लावून बसल्या होत्या. त्यांच्यातल्याच एकीने दोन दिवसांनी मला वर्तमानपत्राचं कात्रण आणून दिलं. आतल्या पानावर, चौकटीत, बारीक अक्षरात आपली जाहीर सूचना. मोहोरबंद देकार, म्हणजे खरेदीच्या बोली, मागवलेले.

त्या सूचनेतल्या दोन ओळी मी तेव्हापासून कितीदा वाचल्या असतील. “सदर मिळकत जशी आहे जेथे आहे या तत्त्वावर, भाडेकरूंच्या बोजासह विकणे आहे. भाडेकरूंबाबतची सर्व जबाबदारी खरेदीदाराची राहील.”

वकील म्हणाले, हा कायद्यातला शब्द आहे, मनाला लावून घेऊ नका. गहाण असलं तरी बोजा, भाडेकरू असला तरी बोजा. मान्य. पण ज्या इमारतीत १४ गाळे आहेत आणि त्यांतले ११ दोन-तीन पिढ्यांपासून चालू आहेत, तिथे ‘जशी आहे’ या शब्दांत आम्ही येत नाही का? आम्हाला वजा केलं तर विटा, चुना, सागाच्या तुळया आणि जागेचा भाव एवढंच उरतं.

ही इमारत आपल्या समाजाने कशासाठी बांधली ते आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. तरी आमच्या घरात ते जसं सांगितलं गेलं तसं लिहिते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ३४ किलोमीटरवर ठाण्यात येऊन थांबली, आणि खाडीकडे तोंड करून बसलेल्या या गावाचा बाजार स्टेशनाच्या वाटेवर पसरत गेला. पुढे संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा छप्पनियो दुष्काळ पडला. कच्छ-काठेवाडातली माणसं पोटासाठी मुंबईकडे निघाली. मुंबईत १८९६ पासून प्लेगने कहर मांडला होता. आपले पूर्वज त्या दिवसांत ठाण्यातच थांबले, असं थोरले शेठ सांगायचे. बरकत आल्यावर त्यांनी ही इमारत बांधली. खाली दुकानं, वर उतारा म्हणजे परगावच्या माणसांनी उतरायची जागा, आणि दुकानांच्या भाड्यातून उताऱ्याचा खर्च. परगावाहून आलेल्या माणसाला ठाण्यात पाय टेकायला जागा मिळावी, हा हेतू. थोरले शेठ बोलताना जमिनीवर पाऊल दाबून दाखवायचे, ते मला अजून दिसतं.

दारावरच्या दगडात गुजराती आकड्यांत संवत कोरला आहे. दर दिवाळीला रंगाचा हात फिरत गेला आणि शेवटचा आकडा बुजला. गाळ्यांना शटरं फार उशिरा लागली. त्याआधी फळ्या होत्या, खाचेत एकेक सरकवायच्या, प्रत्येकीवर गुजराती आकडा रंगवलेला. क्रम चुकला की शेवटची फळी बसायची नाही, सगळ्या काढून पुन्हा लावायच्या. माझे वडील गुजराती शाळेत कधी गेले नाहीत, पण मराठी आकड्यांच्या आधी त्यांना गुजराती आकडे यायला लागले ते या फळ्यांमुळे. त्यांतल्या दोन मी ठेवल्या आहेत. चार आणि नऊ. मसाल्याचे डबे त्यांच्यावरच मांडते.

आजोबा संगमेश्वर तालुक्यातले. कोकण रेल्वे पुरती सुरू झाली १९९८ ला, त्यांच्या वेळी जयगडची बोट आणि भाऊचा धक्का. ठाण्यात ओळखीचा एक माणूस होता, तो दिलेल्या पत्त्यावर सापडला नाही. रात्री स्टेशनवर झोपले तर पोलिसाने उठवलं, आणि एका हमालाने त्यांना इथे आणून सोडलं. उताऱ्यात आपल्या समाजाच्या माणसाला आधी जागा, असा नियम होता. त्या रात्री एक खाट मोकळी होती आणि थोरल्या शेठच्या वडिलांनी ती कोकणातल्या परक्या पोराला दिली. जात विचारली नाही, गाव विचारलं. चार वर्षांनी त्याच पोराला खालचा गाळा भाड्याने दिला, पागडी, म्हणजे भाड्यावेगळी रक्कम, हप्त्याहप्त्याने घेतली. हप्त्यांच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत आहेत, कधीही दाखवीन.

डंक तेव्हा बसला. खड्डा खणून तळाशी रेल्वेच्या लिलावातले जुने लाकडी स्लीपर घातले, त्यावर दगडी पाया, त्यावर लोखंडी उखळ. मोटर फिरली की मुसळं आळीपाळीने वर उचलली जातात आणि आपल्या वजनाने खाली पडतात. चक्कीत मसाला तापतो, डंकात तेवढा तापत नाही, म्हणून मिरचीचा रंग आणि तेल टिकतं. हा हादरा फक्त जमीन झेलू शकते. दुसऱ्या मजल्यावरच्या लादीवर डंक बसत नाही, आणि काचेच्या दरवाजांच्या संकुलात मिरचीची धूळ कोणी सहन करणार नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. या धंद्याची जात अशी आहे, हे आपल्याला ठाऊक असावं म्हणून सांगते, कारण पुढचा सगळा प्रश्न इथेच येऊन अडतो.

मार्च सरला की आमच्या गल्लीचा वास बदलतो. बाई कुठून आली ते मला डब्याचं झाकण उघडल्यावर कळतं. धणे, बडीशेप, दगडफूल सढळ हाताने घातलेलं असलं तर ती तळकोकणातली. सुकं खोबरं, तळलेला कांदा, लसूण वेगळ्या पिशवीत असला तर सातारा-सांगलीकडची, किसननगर नाहीतर लोकमान्यनगरातून आलेली. एमआयडीसीने १९६२ पासून वागळे इस्टेट वसवली तेव्हा तिचा सासरा कुठल्यातरी कारखान्यात लागलेला. कारखाना गेला, मसाला राहिला. मिरची भरपूर, गरम मसाला बेताचा आणि हळकुंडं मात्र हवीतच, असं असलं तर ती चेंदणीची कोळीण किंवा कळव्याकडची आगरी. खारकर आळीतल्या सीकेपी घरांचं प्रमाण कागदावर लिहून येतं आणि तो कागद बहुतेक वेळा आजीच्या अक्षरातला असतो. गहू आणि चणे भाजून आणणारी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडची ख्रिस्ती. तिच्या मसाल्यात किती जिन्नस आहेत ते ती सांगत नाही आणि मीही मोजत नाही. अलीकडे जौनपूर-आझमगडकडच्या बायका येतात, भरलेल्या लाल मिरचीच्या लोणच्यासाठी मोहरी, बडीशेप, कलौंजी घेऊन.

आणि एक आजी होत्या, बेने इस्रायली. कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणायचे त्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. त्यांचं १८७९ चं सिनेगॉग ठाण्यात आजही उभं आहे, पण कुटुंबं फार थोडी उरली. घरात खाणारी दोन माणसं आणि त्या दरवर्षी पाच किलो कुटून न्यायच्या. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, दोन किलो इथे, तीन किलो तिकडे जाणाऱ्याच्या सामानात. आमच्या उखळातला मसाला इस्रायलमधल्या कुठल्या घरी कालवणात पडत होता ते मला माहीत नाही. आजी गेल्या. त्यांचा रिकामा डबा माझ्याकडेच राहिला आहे, झाकणावर टोकाने कोरलेल्या नावासकट.

या बायका दोन-दोन तास बाकावर बसतात. त्या दोन तासांत कुठल्या चाळीत खोली रिकामी होते आहे, कुठल्या शाळेत प्रवेश अजून चालू आहेत, कोणाला स्वयंपाकाला बाई हवी आहे, कोणाच्या मुलीसाठी स्थळ बघायचं आहे, सगळं फिरतं. नव्याने आलेली बाई पहिल्या वर्षी गप्प बसते. दुसऱ्या वर्षी ती दुसऱ्या कोणाला रेशन कार्डाची खिडकी सांगत असते. माझ्या शेजारी बोहरी काकांचं हार्डवेअर, जिथे एक स्क्रूही सुटा मिळतो. पलीकडे आझमगडचे शिंपी, त्यांच्या बाजूला बांगडीवाले कासार, घड्याळं दुरुस्त करणारे अण्णा. त्यांच्याही दारात असंच काहीतरी चालू असतं. उतारा आपण काही वर्षांपूर्वी बंद केलात, त्याची कारणं होती. पण उताऱ्याचं काम बंद पडलेलं नाही. ते वरच्या मजल्यावरून खाली ओट्यावर आलं, एवढंच.

आता आपली बाजू. ती मी नाकारत नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली आणि पुढची पन्नास वर्षं मालकाच्या हाती काही उरलं नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला, त्यातही वर्षाला ४ टक्क्यांचीच वाढ. मूळ रक्कमच इतकी लहान की चार टक्के वाढून वाढून किती वाढणार? माझं महिन्याचं भाडं आज किलो-दीड किलो बेडगी मिरचीच्या भावात भागतं. त्यातून मालमत्ता कर निघत नाही, मंगलोरी कौलं बदलणं तर दूरच. ट्रस्टला विद्यार्थ्यांना मदत करायची आहे, आजाऱ्यांना करायची आहे, आणि या इमारतीतून त्यासाठी काही मिळत नाही. हे आमच्यातल्या काहींनी आपल्यासमोर कधी मोकळेपणाने कबूल केलं नाही. ती चूक आमची. मी इथे सगळ्यांसमोर कबूल करते.

म्हणूनच हिशेबाची एक गोष्ट आपल्यासमोर ठेवते. भाडेकरू असलेली इमारत बाजारात रिकाम्या इमारतीपेक्षा कितीतरी स्वस्त विकली जाते, हे कोणताही दलाल सांगेल. आपल्या सूचनेतल्या ‘बोजासह’ या एका शब्दाने देकाराची रक्कम खाली येणार. ती कमी रक्कम ट्रस्टला मिळेल. मग खरेदीदार एकेका गाळ्याला गाठेल. ज्याच्या मुलाला अमेरिकेला जायचं आहे तो पहिला निघेल, ज्याच्या घरी आजारपण आहे तो दुसरा. उरलेल्यांचं पाणी तुटेल, जिन्यावरचा दिवा लागेनासा होईल, मागच्या बाजूला राडारोडा पडेल. ठाण्यात हे नवं नाही. शेवटचा गाळा रिकामा झाला की भाव वर जातो, आणि स्वस्त घेतलेल्या व महाग झालेल्या किमतीतला जो फरक, तो ना ट्रस्टला मिळतो ना आम्हाला. तो फरक आमच्या हक्काची किंमत असते, आणि ज्यांनी ही इमारत दान म्हणून उभी केली त्यांच्या दानाचा तो भाग असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला मंजुरी दिली, २९ किलोमीटर, २२ स्थानकं. त्यानंतरच मोजमापवाली मुलं आमच्या गल्लीत दिसायला लागली. भाव कोणासाठी चढतो आहे, याचा विचार आपण करावा.

इमारत धोकादायक आहे, असंही सांगितलं जातं. धोक्याला मी हलक्यात घेत नाही. माझ्याच दारात बायका आणि त्यांची पोरं बसतात. ४ ऑगस्ट २०१५ ला पहाटे नौपाड्यात बी केबिनजवळची जुनी इमारत पडली, तेव्हा आमच्या गिऱ्हाइकांपैकी कित्येक जणी त्या दिवसांत नीट झोपल्या नव्हत्या. पण ४ एप्रिल २०१३ ला शीळला जी पडली आणि ७४ जीव घेऊन गेली, तिचं तर बांधकामच चालू होतं. वयावरून निवाडा करता येत नाही, तपासणीवरून करावा लागतो, आणि ३० वर्षांवरच्या इमारतीची तपासणी महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार करावीच लागते.

तपासण्या दोन झाल्या. पहिल्या अहवालात इमारत सी-२बी, म्हणजे माणसं न हलवता दुरुस्ती करण्याजोगी. विक्रीचा विषय निघाल्यानंतरच्या दुसऱ्या अहवालात तीच इमारत सी-१, म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी. माझी भाची स्थापत्य अभियांत्रिकी शिकते. तिने दुसरा अहवाल माझ्याशेजारी बसून पानापानाने वाचला. त्यात रिबाउंड हॅमरचे, म्हणजे काँक्रीटवर ठोकून त्याची ताकद अजमावणाऱ्या यंत्राचे, आकडे आहेत, काँक्रीटच्या खांबांवर घेतलेले. आपल्या इमारतीला काँक्रीटचे खांब नाहीत. ती भारवाही भिंतींची, विटा-चुन्याची आणि सागाच्या तुळयांची आहे. काँक्रीट आहे ते फक्त मागच्या संडासाच्या नव्या बांधकामात, आणि त्याची अवस्था खरोखर वाईट आहे. संडासाची नाडी बघून वाड्याचं दुखणं ठरवलं गेलं आहे. तुळया भिंतीत शिरतात तिथे ओल आहे का, वाळवी आहे का, हे कोणी ठोकून पाहिलं नाही. माझ्या गाळ्यातल्या तुळईपर्यंत पोचायला शिडी लागते, आणि शिडी माझ्याकडूनच मागावी लागली असती. कोणी मागितली नाही.

मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेकडून, जुन्या चुन्याचं बांधकाम कळणाऱ्या माणसांकडून, एक तपासणी करून घ्या. खर्च आम्ही ११ गाळे वाटून घेतो. अहवाल काहीही आला तरी आम्ही तो मानू. रिकामी करा असा आला तर रिकामी करू, मात्र कोणाच्या ताब्यात किती चटई क्षेत्र आहे याची नोंद करून. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच सांगितलं आहे.

आणि आता मुख्य मागणं.

आपला ट्रस्ट नोंदणीकृत सार्वजनिक विश्वस्त संस्था आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय ही इमारत आपल्याला विकता येत नाही. म्हणजे अजून वेळ आहे. आपल्यातले काही जण म्हणतात की आयुक्तांपुढे सगळ्यात मोठा देकारच न्यावा लागतो, आमचा नाइलाज आहे. कलमात तसं नाही. त्यात ट्रस्टचं हित, लाभ आणि संरक्षण बघायला सांगितलं आहे, आणि मंजुरी देताना त्या दृष्टीने अटी घालण्याचा अधिकार आयुक्तांना दिला आहे. ज्या ट्रस्टचा हेतूच परगावाहून आलेल्याला पाय टेकायला जागा देण्याचा, त्याचं हित फक्त रकमेच्या आकड्यात कसं मोजायचं? अटी आपणच सुचवा. आपण सुचवल्यात तर आम्ही आयुक्तांसमोर आपल्या बाजूने उभे राहू, आणि नाही सुचवल्यात तर विरोधात उभं राहावं लागेल. मला दुसरं करायचं नाही.

अट अशी असावी की चालू असलेला प्रत्येक गाळा, आहे तो धंदा, तळमजल्यावरच राहील, आणि ते विक्रीच्या कागदात येईल. चौरस फुटांची हमी आम्हाला कायद्याने तशीही मिळते. २०२० च्या डिसेंबरपासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत जुन्या भाडेकरू इमारतींच्या पुनर्बांधणीला जादा चटई क्षेत्र आहे, त्यात आमचं पुनर्वसन बसतं. पण मला दुसऱ्या मजल्यावर तेवढेच चौरस फूट दिले तर कागदावर माझं काहीच गेलं नाही असं दिसेल, आणि डंक भंगारात जाईल. शिंप्यांचं तसंच. पॅन्टची लांबी कमी करायला कोणी लिफ्टने वर जात नाही.

दुसरं, विकायचीच असेल तर आधी आम्हाला विचारा. सहा महिने द्या. आम्ही गाळेधारक सहकारी संस्था करतो, कर्ज काढतो, देकार देतो. आमचा देकार सगळ्यात मोठा नसेल. पण आमच्या देकारात भाडेकरूंचा तिढा नाही, कोर्टाची पंधरा वर्षं नाहीत आणि पैसा ट्रस्टच्या हाती लगेच येतो. वरचा मजला आपल्याकडे ठेवा आणि त्याला पुन्हा उतारा करा, किंवा मुलांचं वसतिगृह करा, दुरुस्तीत आमचा वाटा राहील. विकायचं नसेल आणि नुसतं भाडं परवडत नसेल, तर समोर बसून नवं भाडं ठरवू. माझ्या गाळ्यासाठी मी आजच्या पंधरा पट द्यायला तयार आहे. बाकीच्यांशी बोलले आहे. दोघे कुरकुरले, पण तेही तयार झाले.

२६ जुलै २००५ ला पाणी गाळ्यात छातीपर्यंत आलं होतं. मोटर गेली, चाळीस किलो कुटलेला मसाला लोकांच्या नावाच्या डब्यांसकट वाहून गेला. तिसऱ्या दिवशी थोरले शेठ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गल्लीत आले. प्रत्येक गाळ्यात उभे राहिले. दोन महिन्यांचं भाडं घेतलं नाही, आणि आपल्या घरचा वाहून गेलेला मसाला कोणी परत मागायचा नाही असं त्यांनी घरी सांगितलं होतं, ते मला मागाहून कळलं. वडील गेले तेव्हा मी लग्न होऊन सासरी होते, पण सकाळी गाळा उघडायला मीच यायची. भाडेपावतीवर कोणाचं नाव घालायचं, हा प्रश्न निघाला. मुलीच्या नावाने पावती कशी करायची, असं कार्यालयातून विचारलं गेलं. शेठनी पावतीपुस्तक पुढे ओढलं, माझं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं, वर गुजरातीत, खाली मराठीत. जादा पागडी मागितली नाही. म्हणाले, “बेटा, डंक चालू राखजे.” ती पावती मी काचेत लावली आहे. गाळ्यात शिरलं की डाव्या हाताला दिसते. मोजमाप घेणाऱ्या मुलाचा लाल ठिपका तिच्यावरूनच सरकत गेला.

देकारांची मुदत महिनाअखेरीला संपते. त्याआधी एकदा सगळे विश्वस्त या. बैठक कार्यालयात नको, ओट्यावर घेऊ. आम्ही गाळे बंद ठेवणार नाही, चालू ठेवूनच बसू, म्हणजे काय विकलं जातंय ते आपल्यालाही दिसेल. बोहरी काका चहाचं बघणार आहेत.

अध्यक्षसाहेब, आपल्या घरून मेथी-राईचा डबा परवाच आला आहे. नेहमीप्रमाणे मिरचीच्या आधी, सकाळी पहिल्या घाण्याला घेईन. दरवर्षी ड्रायव्हर न्यायला येतो. यंदा तो न्यायला आपण स्वतः यावं, ही विनंती.

आपली,
गाळा क्रमांक ७ ची भाडेकरू
मसाला कांडप
जांभळी नाका, ठाणे पश्चिम